टेकऑफनंतर एक इंजिन गेलं तर सरळ समोर उतरायचं? मग दुसरं इंजिन कशाला दिलंय?

विमानवेडी:
नमस्कार मंडळी. सीपीएलचे, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्सचे, तास होत आलेत, सिंगल इंजिन संपलं की लगेच मल्टी सुरू होणार, आमच्याकडे डीए४२ हे दोन इंजिनांचं विमान आहे. परवा ग्राउंड क्लासमध्ये टेकऑफनंतरचं इंजिन फेल्युअर झालं आणि तेव्हापासून डोक्यात भुंगा शिरलाय. सर म्हणाले, रनवे सोडलाय, गिअर, म्हणजे चाकं, अजून खाली आहेत आणि एक इंजिन गेलं तर दोन्ही थ्रॉटल मागे घ्यायचे आणि समोर जे असेल तिथे उतरायचं. म्हणजे चालू असलेलं धडधाकट इंजिनपण आपणच मागे घ्यायचं?? घरी बाबांना मी मोठ्या तोऱ्यात सांगून बसलेय की आता दोन इंजिनांचं विमान, काळजी नको, आणि इथे सर सांगतायत की सिंगलसारखंच उतर. विचारायला गेले तर म्हणाले पुस्तक वाच, पुस्तकात सगळं आहे. पुस्तकात आहे हो, पण ते सगळं बुलेट पॉइंटमध्ये आहे.
अजून एक, डावं इंजिन क्रिटिकल, म्हणजे गेलं तर जास्त त्रास देणारं, का असतं हे पाठ आहे पण डोळ्यासमोर येत नाही. आणि कुठलं पेडल दाबायचं, ह्या पायांचं टेन्शन आहे ते वेगळंच. नक्की कुठलं इंजिन गेलंय हे त्या दोन सेकंदांत कसं कळतं? कोणी जरा माणसासारखं समजावून सांगेल का.

उडता_सातारकर:
जुना जोक आहे बघ, ट्विनमध्ये दुसरं इंजिन असतं ते तुम्हाला अपघाताच्या जागेपर्यंत नेऊन सोडायला 😄 आमचे सर प्रत्येक बॅचला ऐकवायचे. बाकी जाणकार येतीलच, मी चहा घेऊन बसलोय वाचायला.

कॅप्टन_काका:
सातारकर, जोक जुना आहे पण त्याच्यात तथ्य आहे म्हणून टिकलाय. बेटा, तुझा प्रश्न बरोबर आहे आणि तुझे सरपण बरोबर आहेत, फक्त त्यांनी मधली पायरी गाळली.
आधी हे डोक्यातून काढ की दोन इंजिनं म्हणजे एक स्पेअर. छोट्या ट्विनला दोन्ही इंजिनं मिळून उडायचं असतं. एअरलाइनचं जेट एका इंजिनवर ठराविक ग्रेडियंटने चढलंच पाहिजे असा नियम आहे. छोट्या ट्विनचा अमेरिकेतला जुना नियम, ज्याच्यावर सेमिनोल सेनेकासारखी विमानं पास झाली, तो असा होता की वजन ६००० पौंडाच्या आत आणि लँडिंग कॉन्फिगरेशनमधला (चाकं, फ्लॅप खाली) स्टॉल स्पीड, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान तोलत नाहीत तो, ६१ नॉटच्या आत असेल तर एका इंजिनवर चढलंच पाहिजे अशी अटच नाही. ५००० फुटांवर किती चढतं, किंवा किती खाली येतं, ते मोजून पुस्तकात लिहा म्हणजे झालं. म्हणजे कायद्यानेच तुला चढायचं वचन दिलेलं नाही, मग तू बाबांना कशाला दिलंस 😀
आता प्रत्यक्षात काय होतं ते बघ. टेकऑफनंतर नाक वर असतं, कारण दोन इंजिनांची ताकद आहे. एक गेलं की तीच नाकाची पोझिशन तुला परवडत नाही. स्पीड धडाधड पडतो. त्याचवेळी नाक मेलेल्या इंजिनकडे वळतं, म्हणजे बैलजोडीतला एक बैल बसला की गाडी कशी त्या बाजूला फिरते तसंच, आणि त्या बाजूच्या पंखावरून प्रॉपचा वारा जायचा बंद होतो म्हणून तो पंखही खाली जातो. नाक वळतंय ते थांबवायला आपल्याकडे शेपटीवरचा, पायाने चालवायचा रडर आहे, पण रडर काम करतो हवेच्या स्पीडवर. स्पीड जितका कमी तितका रडर लुळा. एका स्पीडच्या खाली पाय पूर्ण आत दाबला तरी नाक थांबत नाही, ती एअरस्पीड इंडिकेटरवरची लाल रेघ, व्हीएमसी. आणि एका इंजिनवर त्यातल्या त्यात बरं चढायचा स्पीड म्हणजे निळी रेघ. सेमिनोलला लाल ५६ ला आणि निळी ८८ ला आहे, तुझ्या विमानाचे आकडे तुझ्या पीओएचमधून, म्हणजे विमानाच्या हँडबुकमधून घे, माझ्याकडून घेऊ नकोस, मॉडेलप्रमाणे बदलतात.
तर गिअर खाली आहे, स्पीड निळ्या रेघेच्या खाली आहे, प्रॉप विंडमिल होतोय म्हणजे हवेच्या जोरावर फुकट फिरतोय आणि प्रचंड ड्रॅग देतोय. ह्या अवस्थेत छोटी ट्विन चढत नाही. विषय संपला. निळ्या रेघेपर्यंत न्यायला स्पीड हवा, स्पीडसाठी नाक खाली हवं, आणि खाली तर जमीन आहे. मग माणूस काय करतो, जमीन जवळ दिसते म्हणून स्टिक ओढतो, स्पीड लाल रेघेकडे जातो, चालू इंजिन फुल पॉवरवर असतं, आणि तेच विमानाला उलथं करतं. लोक मरतात ते बहुतेकदा मेलेल्या इंजिनामुळे नाही, चालू इंजिनामुळे. म्हणून सर म्हणतात दोन्ही मागे घे. दोन्ही मागे घेतले की ओढाताण बंद, तुझ्या हातात एक सरळ उडणारं ग्लायडर आहे, ते तू कंट्रोलमध्ये, पंख लेव्हल ठेवून समोर टेकवू शकतेस. शेतात, कुंपणात, कुठेही. उलटं होऊन पडण्यापेक्षा कधीही बरं.

नट_बोल्ट:
काकांनी मस्त सांगितलं, मी जरा आकडे मांडतो कारण पन्नास टक्के पॉवर गेली तर पन्नास टक्के क्लाइम्ब जाईल असं सगळ्यांनाच वाटतं आणि घोळ तिथेच होतो.
सेमिनोलच घेऊ. ३८०० पौंड वजन, १८० एचपीची दोन इंजिनं म्हणजे ३६० एचपी. प्रॉपमधून त्यातली ढोबळ पाऊण ताकद हवेला मिळते म्हणजे २७०. आता त्या स्पीडला नुसतं लेव्हल उडायला समजा ११५ एचपी लागते. उरली १५५. चढायला वापरता येते ती ही उरलेली पॉवर, बाकी सगळी तरंगत राहण्यात जाते. १५५ एचपीमध्ये ३८०० पौंड मिनिटाला साधारण १३५० फूट वर जातात, पीओएचमधला आकडा पण समुद्रसपाटीला १३०० च्या वरच आहे.
आता एक इंजिन काढ. २७० चे झाले १३५. पण तरंगायला अजूनही ११५ लागतायतच, तो खर्च काय निम्मा होत नाही. उरले २०. वीस एचपीत मिनिटाला पावणेदोनशे फूट. पुस्तकात दोनशेच्या थोडं वर दिलंय, माझा हिशोब ढोबळ आहे, पण मुद्दा तोच. पॉवर ५० टक्के गेली आणि चढण्याची ताकद ८० ते ९० टक्के गेली. आणि हे पुस्तकातले दोनशे फूट कधी, तर प्रॉप फेदर (पाती वाऱ्याला कडेने वळवलेली, म्हणजे ड्रॅग कमी), गिअर वर, फ्लॅप वर, स्पीड बरोबर निळ्या रेघेवर, बँक (पंखांचा झुकाव) बरोबर, इंजिन नवं, पायलट कंपनीचा. ह्यातली एखादी गोष्ट जरी राहिली की ते वीस एचपी गेले वाऱ्यावर.
डावं इंजिन क्रिटिकल का, तर डोळ्यासमोर आण की तू कॉकपिटमध्ये बसून समोर बघतेस आणि दोन्ही प्रॉप क्लॉकवाइज फिरतायत. म्हणजे प्रत्येक प्रॉपचं उजव्या बाजूचं पातं खाली येतंय. नाक वर असताना खाली येणारं पातं हवेला जास्त खातं, म्हणजे प्रत्येक प्रॉपची ओढ त्याच्या मध्यापासून थोडी उजवीकडे सरकते. डाव्या इंजिनाची ओढ उजवीकडे सरकली म्हणजे बॉडीच्या जवळ आली, उजव्या इंजिनाची सरकली म्हणजे बॉडीपासून लांब गेली. लांबचा हात जास्त फिरवतो. म्हणून डावं गेलं आणि उजवं एकटं राहिलं तर जास्त वळवतं. डीए४२ मध्ये दोन्ही एकाच दिशेला फिरतात, डावं क्रिटिकल. सेमिनोल आणि सेनेका टूपासून पुढच्या सेनेकांमध्ये उजवा प्रॉप उलटा फिरवलाय, तिथे क्रिटिकल कुठलंच नाही. आणि दुसऱ्या महायुद्धातल्या पी-३८ लाइटनिंगमध्ये उलटे फिरवले पण बाहेरच्या बाजूला फिरवले, त्यामुळे तिथे दोन्ही क्रिटिकल, घ्या!

विमानवेडी:
नट_बोल्ट दादा, ते ११५ वालं एकदम डोक्यात बसलं. निम्मी पॉवर जाते पण खर्च निम्मा होत नाही. हे असं क्लासमध्ये का नाही सांगत कोणी 🙏 काका तुमचे पण खूप आभार.
पण पायाचं राहिलं. डेड फूट डेड इंजिन पाठ आहे. ज्या पायाला काम नाही त्या बाजूचं इंजिन मेलं. पण मग परत थ्रॉटल मागे घेऊन व्हेरिफाय का करायचं, वेळ जातो ना त्यात? आणि आमच्या डीए४२ मध्ये प्रॉप लिव्हर, मिक्स्चर (इंधन-हवेचं प्रमाण) लिव्हर काहीच नाही, प्रत्येक इंजिनाला एकच पॉवर लिव्हर, म्हणजे आमचं सोपं आहे का?

एफओ_ताई:
व्हेरिफाय का, ह्याचं उत्तर मी देते कारण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.
४ फेब्रुवारी २०१५, तैपेई, ट्रान्सएशियाचं एटीआर ७२. टेकऑफनंतर दोन नंबरचं, म्हणजे उजवं, इंजिन आपोआप फेदर झालं, बिघाड सिस्टिममध्ये होता. कॅप्टननी एक नंबरचा लिव्हर मागे घेतला आणि मग ते चालू असलेलं इंजिन बंदसुद्धा केलं. चूक लक्षात आली तोवर उंची उरली नव्हती, विमान पुलाला पंख घासून नदीत पडलं, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच. ४३ जण गेले. हे छोटं ट्विन नाही, एअरलाइनचं विमान, दोन ट्रेन्ड पायलट, समोर स्क्रीनवर सगळं लिहून येत होतं. एका इंजिनवर ते एटीआर आरामात चढलं असतं.
दुसरं, ३० जून २०१९, टेक्सासमधलं ॲडिसन, किंग एअर ३५०. टेकऑफला डाव्या इंजिनाची ताकद गेली. उजवा पाय हवा होता. अमेरिकेच्या अपघात तपास संस्थेच्या, एनटीएसबीच्या, रिपोर्टप्रमाणे सुरुवातीला डावा रडर दिला गेला, मग उजवा, तोवर उशीर. विमान हँगरमध्ये घुसलं, दहाजण होते, कोणी वाचलं नाही.
म्हणून व्हेरिफायचे ते दोन सेकंद वाया जात नाहीत. पाय सांगतो डावं मेलं. ठीक, डावा थ्रॉटल हळूच मागे घे. पायावरचा जोर बदलला नाही, आवाज बदलला नाही, नाक हललं नाही, म्हणजे खरंच मेलं होतं, आता फेदर. थ्रॉटल मागे घेतल्यावर विमान दचकलं तर तू चालू इंजिनाला हात लावतेयस, लिव्हर परत पुढे. थ्रॉटलची चूक लगेच परत घेता येते. चुकीचं इंजिन फेदर केलंस तर ते त्या उंचीवर परत घेता येत नाही, एवढाच हिशोब आहे.
आणि हे सगळं मोठ्याने बोलायचं. डावा पाय मोकळा, डावं इंजिन, डावा थ्रॉटल, हाताने लिव्हरला स्पर्श करून, नाव घेऊन. आम्ही लाइनवर, म्हणजे एअरलाइनच्या फ्लाइटवर, पण अजून करतो. एकजण लिव्हरवर हात ठेवतो, दुसरा बघून कन्फर्म म्हणतो, मग हलवायचं. तू एकटी असलीस तरी स्वतःलाच कन्फर्म म्हण, लाज वाटू देऊ नको.
बरं, पायाचा गोंधळ का होतो माहितीये? विद्यार्थी इन्स्ट्रुमेंट बघून पाय ठरवतात. आरपीएम बघ, मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) बघ. विंडमिल होणारा प्रॉप बऱ्यापैकी आरपीएम दाखवतो आणि मॅनिफोल्ड प्रेशर पण बाहेरच्या हवेइतकं दिसू शकतं, मेलेलं इंजिन बिनधास्त जिवंत दिसतं. नाक कुठे पळतंय ते बाहेर बघ आणि त्याला पायाने अडव. आधी थांबव, नाव नंतर दे.

फ्लोरिडाकर:
मी इथे सेमिनोलवर शिकवतो, आधी डीए४२ पण केलंय, त्यामुळे तुलना सांगतो.
हो, डीए४२ चं ड्रिल सोपं आहे. सेमिनोलमध्ये सहा लिव्हर. सगळे पुढे, फ्लॅप, गिअर, ओळखा, थ्रॉटल मागे, मग त्या बाजूचा प्रॉप लिव्हर पूर्ण मागे फेदरमध्ये, मग मिक्स्चर. डीए४२ मध्ये कॉम्प्युटर सगळं बघतो, मेलेल्या बाजूचा इंजिन मास्टर ऑफ केला की प्रॉप स्वतःच फेदर. पण सोपं म्हणजे विसरायची परवानगी नाही. ४ मार्च २००७ ला जर्मनीत स्पायरला एका डीए४२ ची बॅटरी उतरलेली होती, बाहेरची पॉवर लावून इंजिनं चालू केली आणि निघाले. टेकऑफनंतर गिअर वर घेतला, गिअरच्या मोटरने करंट खेचला, व्होल्टेज खाली गेलं, दोन्ही इंजिनांचे कॉम्प्युटर रिसेट झाले आणि दोन्ही प्रॉप फेदर!! दोन इंजिनं, दोन कॉम्प्युटर, आणि एकच मरतुकडी बॅटरी. लोक वाचले. पुढे कॉम्प्युटरसाठी वेगळ्या बॅकअप बॅटऱ्या आल्या. तर डीए४२ वाल्यांनी इलेक्ट्रिकल पेजला मिक्स्चर लिव्हरइतका मान द्यायचा.
सेमिनोल सेनेकावाल्यांसाठी एक गोष्ट जी तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. प्रॉप फेदर होतो तो ऑइल प्रेशर गेल्यावर, आतली स्प्रिंग, नायट्रोजन, काउंटरवेट वगैरे पात्याला फेदरकडे ढकलतात. मग रोज पार्किंगला इंजिन बंद केलं की ऑइल प्रेशर जातं, तेव्हा का नाही फेदर होत? कारण आत पिना आहेत, आरपीएम एका आकड्याखाली गेला की त्या अडकतात, सेमिनोलला ९५० आहे, सेनेका टूला ८००. आता ह्याचा उलटा अर्थ लाव. हवेत इंजिन हळूहळू जाम होत चाललंय, ऑइल गेलंय, आणि तू विचार करत बसलीस तोवर आरपीएम त्या आकड्याखाली गेला, तर पिन अडकली आणि फेदर गेलं. मग तो उभा प्रॉप घेऊन चढायचं विसर.
काकांशी एका मुद्द्यावर जरा मतभेद आहे, राग मानू नका. गिअर खाली म्हणजे उतर आणि गिअर वर म्हणजे चढ, असा अर्थ मुलं काढतात आणि तो धोक्याचा आहे. गिअर वर आहे, स्पीड निळ्या रेघेवर आहे, सगळं बरोबर केलंय, आणि तरी व्हीएसआय (चढ-उताराचा वेग दाखवणारा मीटर) शून्याच्या खाली आहे, हे होऊ शकतं. तेव्हा गिअर वर आहे म्हणून चढत बसायचं नाही, निळी रेघ सोडायची नाही, जे मिळतंय ते घ्यायचं. खाली येत असशील तर निळ्या रेघेवर खाली ये.

कॅप्टन_काका:
राग कसला, बरोबरच बोललात. गिअर लिव्हर हा निर्णय घ्यायचा क्षण आहे, चढायची गॅरंटी नाही. म्हणूनच पुढे वापरण्याजोगा रनवे शिल्लक आहे तोवर गिअरला हात लावू नका असं आम्ही सांगतो. पॉझिटिव्ह रेट आणि नो युजेबल रनवे, दोन्ही बोलायचं, मगच गिअर अप.
आणि चढेल की नाही हे हवेत नाही, जमिनीवर ठरवायचं असतं. सेमिनोलची एका इंजिनवरची सर्व्हिस सीलिंग ३८०० फूट आहे, पूर्ण वजनाला. म्हणजे त्या उंचीला मिनिटाला जेमतेम ५० फूट चढणार, त्याच्यावर गेलं की चढणं जवळपास बंद. आता नागपूर घे. एरोड्रोम १०३३ फुटांवर. मे महिना, दुपारी ४४ डिग्री. त्या उंचीला स्टँडर्ड तापमान १३, म्हणजे ३१ डिग्री जास्त. डिग्रीला १२० फूट धर, ३७२० झाले, मूळचे १०३३ मिळव. डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवा जितक्या उंचीवरच्या हवेइतकी विरळ आहे ती उंची, पावणेपाच हजार, तीही रनवेवर उभं असताना! आणि उन्हाळ्यात प्रेशर कमी असतं ते मी धरलंच नाहीये. म्हणजे पूर्ण भरलेली सेमिनोल नागपूरला मेमध्ये दुपारी चाकं टेकवून उभी असतानाच तिच्या सीलिंगच्या वर आहे.
लोकांना वाटतं विदर्भच वाईट. पुणे बघ, लोहगाव १९४२ फूट. एप्रिलमध्ये ३८ डिग्री. स्टँडर्ड ११, फरक २७, गुणिले १२० म्हणजे ३२४०, अधिक १९४२. पाच हजारच्या वर गेलं की नाही? नागपूरच्या ४४ पेक्षा पुण्याचे ३८ जड, कारण पुण्याची सुरुवातच वरून आहे. म्हणून पहाटे उडा, फ्युएल लागेल तेवढंच घ्या, मागच्या सीटवर हौसेने मित्राला बसवू नका. तुझं डीए४२ टर्बो डिझेल आहे म्हणून उंचीवर दम टिकवतं, सेमिनोलइतकं मार खात नाही, पण चार्ट काढल्याशिवाय मान्य करू नकोस.
उंचावर इंजिन गेलं तर मात्र घाई नाही. ८५०० ला आहेस आणि एक गेलं तर विमान पडत नाही, निळी रेघ धरून हळूहळू खाली येतं आणि आपल्या सीलिंगपाशी येऊन थांबतं. त्यात भरपूर अंतर कापून होतं. फक्त खाली काय आहे ते माहीत हवं. कळसूबाई ५४०० फूट आहे हे लक्षात ठेवून सह्याद्रीवरचा रूट आखा. तिथे वेळ असतो, फ्युएल सिलेक्टर बघ, पंप बघ, अल्टरनेट एअर बघ, पुष्कळ इंजिनं फ्युएलमुळेच गप्प होतात आणि परत चालू होतात. चारशे फुटांवर असलं काही करत बसायचं नाही.

उडता_सातारकर:
मधेच एक शंका. सेस्ना ३३७ ला एक इंजिन पुढे, एक मागे. तिथे नाक वळायचा प्रश्नच नाही, मग सगळ्यांनी तसंच का नाही बनवलं?

नट_बोल्ट:
नाक वळत नाही हेच तिथलं दुखणं. मागचं इंजिन बंद पडलं तरी पायलटला पायातून काही कळत नाही, आणि ते मागे आहे, दिसतही नाही. मागचं बंद असताना नुसत्या पुढच्या इंजिनावर टेकऑफ मारायला गेलेले अपघात झालेत. म्हणून त्यात मागचा थ्रॉटल आधी पुढे न्यायची पद्धत, म्हणजे चालू आहे का ते आधी कळतं. शिवाय मागचं इंजिन गरम होतं, आवाज जास्त. आणि अमेरिकेत रेटिंग फक्त त्याच्यावर घेतलंस तर लायसन्सवर सेंटरलाइन थ्रस्ट एवढंच लिहून येतं, साधी ट्विन उडवता येत नाही.

विमानवेडी:
बाप रे, किती लिहिलंत सगळ्यांनी. मी हे प्रिंट काढून ठेवणार आहे.
दोन शेवटच्या शंका. सिंगल इंजिनच्या सेस्नामध्ये बॉल (विमान आडवं घसरतंय का ते दाखवणारी गोळी) मध्यभागी ठेवायची सवय लागलीये, पण ट्विनच्या नोट्समध्ये बॉल अर्धा बाहेर ठेवा असं लिहिलंय, ते कसं काय? आणि व्हीएमसी डेमो, मुद्दाम लाल रेघेकडे स्पीड कमी करून दाखवतात तो, खरंच धोक्याचा असतो का, आमचे सीनियर फार घाबरवतायत.

फ्लोरिडाकर:
बॉलचं असं की एका इंजिनवर पंख लेव्हल आणि बॉल मध्यभागी ठेवलास तर विमान सरळ जातंय असं वाटतं पण प्रत्यक्षात ते थोडं आडवं घसरत असतं, रडरने नाक अडवलंय पण रडरची बाजूची ढकल शिल्लक आहे. ती खोडायला चालू इंजिनाकडे दोन तीन डिग्री झुकवायचं, तेव्हा बॉल चालू इंजिनाकडे अर्धा बाहेर जातो आणि विमान खरंच हवेत सरळ जातं. त्या वीस एचपीमध्ये आडवं घसरणं परवडत नाही. आणि कंट्रोलचा पण फायदा, बँकच्या एका डिग्रीला व्हीएमसी साधारण तीन नॉटने बदलते. लाल रेघ मोजलीये ती चालू इंजिनाकडे पाच डिग्रीपर्यंत बँक धरून, पंख लेव्हल ठेवलेस किंवा मेलेल्या बाजूला झुकलीस तर तुझी खरी लाल रेघ डायलवरच्या रेघेच्या बरीच वर असते.
डेमो. इन्स्ट्रक्टर चांगला असेल आणि उंची भरपूर असेल तर नाही घाबरायचं. एका बाजूला पॉवर कमी, दुसरीकडे फुल, सेकंदाला एक नॉट या चालीने स्पीड कमी करत जायचं, आणि नाक थांबेना, किंवा स्टॉल वॉर्निंग वाजली, किंवा विमान थरथरलं, ह्यातलं जे पहिलं होईल तिथे थांबायचं. चालू इंजिनाचा थ्रॉटल मागे, नाक खाली, दोन्ही एकदम. धोका हा की साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद उंचीवर कमी होते म्हणून व्हीएमसी खाली सरकते, पण स्टॉल स्पीड तिथेच राहतो. सेमिनोलला व्हीएमसी ५६ आणि क्लीन (चाकं, फ्लॅप वर असतानाचा) स्टॉल ५७, म्हणजे आधीच गळ्यात गळा. उंचीवर स्टॉल पहिला येणार, आणि एक इंजिन फुल असताना स्टॉल म्हणजे स्पिनचं, भोवऱ्यासारखं गरगरत खाली येण्याचं, आमंत्रण. ह्या विमानांना स्पिनमधून बाहेर येऊन दाखवायची सर्टिफिकेशनची अटच नव्हती. म्हणून स्टॉल वॉर्निंगचा हॉर्न वाजला की झालं, अजून थोडं बघू नको.

एफओ_ताई:
एक राहिलं, आणि हे कोणी पुरुष मंडळी सांगणार नाहीत म्हणून मी सांगते. सीट. तू उंचीला कशी आहेस माहीत नाही, मी पाच फूट एक. सिंगल इंजिनमध्ये चालून जातं कारण रडर कधी पूर्ण आत दाबावाच लागत नाही. ट्विनमध्ये रडर शेवटपर्यंत, आणि तिथे धरून ठेवायचा असतो, आणि दमतो पाय. इंजिन चालू करायच्या आधी एका पायाने पेडल पूर्ण आत दाब, गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, टाच घसरता कामा नये. मग दुसरा पाय. डीए४२ मध्ये सीट सरकत नाही, पेडल सरकतात, ते पुढे मागे करून घे. सेमिनोलमध्ये सीट पुढे घेतल्यावर खटका बसलाय का ते हलवून बघ.

विमानवेडी:
ताई मी पाच फूट दीड इंच 😅 आणि हे मला आजपर्यंत एकानेही विचारलं नव्हतं. पेडल पूर्ण जवळ घेतले की स्टिक पोटाजवळ येते का पण?

एफओ_ताई:
नाही गं, सीट जागेवरच असते ना, पेडल तुझ्याकडे येतात. पाठीमागे कुशन घेतलंस तर मात्र बघ, तेव्हा तू पुढे येतेस, स्टिक पूर्ण मागे येते का ते तपासून घे. आणि कुशन कडक घे, फोमचं घेऊ नको. पेडलवर जोर दिला की फोम दबतो, तू मागे जातेस आणि नेमका तेवढाच पाय कमी पडतो.